पुढे प्रवासी, मागे चालक: ज्येष्ठ आणि अपंग व्यक्तींना सायकलवर फिरवण्याआधी काय शिकावं

प्रश्न थोडक्यात असा: आठ-दहा स्वयंसेवकांच्या गटाकडे दोन आसनांची, बॅटरीवरच्या मोटरची जोड असलेली तीनचाकी सायकल आली आहे. प्रवासी पुढे बसतात, चालवणारा मागे. वृद्धनिवासातल्या रहिवाशांना आणि काही अपंग व्यक्तींना फिरवून आणायचं आहे. गटातल्या सगळ्यांना सायकल येते. मग वेगळं प्रशिक्षण लागतं का, आणि सुरुवात कुठून करायची?

लागतं. ज्यांचा दुचाकी सायकलवर हात पक्का बसला आहे त्यांना तर जास्तच, कारण त्यांना आधी काही सवयी मोडाव्या लागतात. शिवाय पॅडल मारणं हा या कामातला सोपा भाग आहे. माणसाला गाडीत नीट बसवणं, नीट उतरवणं आणि मधल्या वेळात त्याला काय होतंय हे त्याच्या पाठीमागे बसून ओळखणं, हा अवघड भाग. तयारीचा निम्मा वेळ उभ्या गाडीवरच जाऊ द्या.

आधी गाडीबद्दल. दुचाकी वळणावर कलते आणि चालवणारा नकळत तिच्याबरोबर कलतो. तीनचाकी कलत नाही. वळताना बाहेर फेकणारं बल आतल्या बाजूचं पुढचं चाक उचलू पाहतं, आणि हे बल वेगाच्या वर्गाने वाढतं. ५ मीटर त्रिज्येचं वळण ताशी १० किलोमीटरने घेतलं तर ते एकूण वजनाच्या सुमारे १६ टक्के असतं. तेच वळण ताशी २० ने घेतलं तर ६३ टक्के. पहिल्या वेगाला प्रवासी किंचित एका बाजूला झुकतो. दुसऱ्या वेगाला गाडी उलटू शकते. म्हणून सपाट, सरळ वाटेवर ताशी १० ते १२ ही कमाल मर्यादा धरा आणि वळणावर माणसाच्या चालीचा वेग, म्हणजे ताशी ५. वेग वळणाच्या आधीच उतरवायचा, वळणात शिरल्यावर नाही.

एक गोष्ट नव्या चालकांना पटत नाही, म्हणून ती प्रत्यक्ष दाखवावी लागते: रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा लवकर उलटते. पुढे दोघं बसले की वजन पुढच्या दोन चाकांच्या मधोमध आणि जमिनीजवळ येतं. ते उतरले की चालकाचं उंचावरचं वजनच काय ते उरतं, तेही एकट्या मागच्या चाकावर. प्रवाशांना पोचवून गाडी जागेवर ठेवायला नेताना ‘आता कोणी नाही’ म्हणून वेग वाढतो आणि नेमकी तेव्हाच गाडी कलंडते. प्रवासी एकच असेल तर पट्ट्याची रचना परवानगी देत असल्यास त्याला मधे बसवा. एका कडेला बसवलं तर हँडल सतत त्या बाजूला ओढ खातं. काही गाड्यांत हँडल वळवलं की प्रवाशांची अख्खी पेटी वळते. अशा गाडीचं एक चाक खड्ड्यात गेलं तर हँडलला जोराचा हिसका बसतो, म्हणून दोन्ही हात हँडलवरच हवेत. हात दाखवायचा असेल तर तेवढं काम प्रवाशाकडे द्या. बहुतेकांना ते आवडतं.

या फेऱ्यांची आजची चळवळ २०१२ मध्ये कोपनहेगनमध्ये सुरू झाली. ओले कासो यांनी तीनचाकी घेऊन वृद्धनिवासातल्या रहिवाशांना फिरवायला सुरुवात केली, आणि त्यातून ‘सायकलिंग विदाउट एज’ ही संस्था उभी राहिली. तिच्या पाच तत्त्वांपैकी एक आहे संथपणा. भावनेच्या अंगाने ते बरोबर आहेच, पण वरचा हिशेब पाहिला तर यंत्राच्या अंगानेही तेच पहिलं तत्त्व ठरतं.

वजनाचाही हिशेब करून ठेवा. गाडी ९० किलो, दोन प्रवासी १४०, चालक ७०, म्हणजे एकूण ३०० किलो. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी १० ला साधारण ८० वॉट पुरतात, ते सहज होतं. पण ५ टक्के चढावर, म्हणजे १०० मीटरमागे ५ मीटर, त्याच वेगाला ५०० वॉटच्या जवळपास लागतात. बऱ्याच गाड्यांची मोटर २५० वॉटची असते आणि सामान्य माणूस घाम न फुटता १०० वॉट देतो. त्यामुळे अशा चढावर गाडी आपोआप ताशी ७ वर येते. गाडीत काही बिघडलेलं नसतं, म्हणून खालच्या गिअरमध्ये शांतपणे चढा. गिअर चढ लागण्याआधीच बदला, कारण भार असताना गिअर बदलला तर चेन उडू शकते आणि ३०० किलोची गाडी चढावर थांबली की पुन्हा निघणं कठीण जातं. उतारावर वेग माथ्यावरच कमी करून घ्या. ताशी १२ ला, एक सेकंद प्रतिसादाचा धरून, प्रवाशाला धक्का न देता थांबायला साधारण ६ मीटर लागतात. ताशी २० ला १३ मीटर. जोरात ब्रेक मारणं हा इथे पर्याय नाही. कमरेत जोर नसलेला माणूस पट्टा असूनही पुढे दुमडतो.

५०० वॉट-तासांची बॅटरी अशा वजनाला, थांबत-निघत, २५ ते ४० किलोमीटर जाते. पाऊण तासाची फेरी ६ किलोमीटरच्या आसपास होते, म्हणजे दिवसाला तीन-चार फेऱ्या निवांत होतात. पाचवा भाग कायम शिल्लक ठेवा. बॅटरी संपलेली, दोन माणसं बसलेली गाडी सपाटीवर ढकलता येते. चढावर दोघांनाही ढकलणं जड जातं.

आता प्रशिक्षण. पहिल्या सत्रात मोकळ्या मैदानात रिकामी गाडी: इंग्रजी आठच्या आकारात फेऱ्या, दोन्ही बाजूंना १५ सेंटिमीटर सोडून ठेवलेल्या अडथळ्यांतून जाणं, मागे घेणं. मागे घेताना हँडल उलटं वाटतं, त्या एका सरावालाच अर्धा तास लागतो. दुसऱ्या सत्रात आसनांवर पाण्याचे कॅन बांधून, आधी दोन्हीकडे सारखे, मग एका बाजूला २० किलो जास्त. तिसऱ्या सत्रात एकमेकांना बसवून. आणि प्रत्येकाने किमान एकदा पुढे बसून अर्धा तास प्रवास केलाच पाहिजे, त्यातला काही वेळ डोळे मिटून. पुढे बसल्यावर कळतं की रस्त्यात सगळ्यात आधी आपले गुडघे जातात, स्पीडब्रेकर किती मोठा वाटतो, आणि मागून आलेलं बोलणं किती कमी ऐकू येतं.

गुडघे आधी जातात, याचा परिणाम चौकात दिसतो. चालकाच्या डोळ्यांपासून गाडीचं पुढचं टोक दीड मीटर पुढे असतं. आडवी वाट नीट दिसेपर्यंत चालक पुढे सरकला की प्रवाशांचे पाय वाहनांच्या रांगेत पोचलेले असतात. म्हणून थांबण्याच्या रेषेच्या एक मीटर अलीकडे थांबा आणि सोबत साध्या सायकलवर दुसरा स्वयंसेवक ठेवा, जो पुढे होऊन बघेल. सुरुवातीच्या महिन्यांत ही सोबत न चुकता हवी. पुढे काही घडलं तर एकाने माणसाजवळ थांबायचं आणि दुसऱ्याने फोन करायचा, यासाठीही दोघं लागतात.

बसवणं आणि उतरवणं. गाडी सपाट जागी, रस्त्याकडे नव्हे तर फुटपाथकडे तोंड करून लावा. पार्किंग ब्रेक लावा आणि मोटर बंद करून किल्ली काढा. नुसता ब्रेक पुरत नाही, कारण काही गाड्यांना ढकलायला मदत करणारं बटण असतं आणि आधारासाठी टेकवलेला हात त्यावर पडला की गाडी पुढे सरकते. पायफळीच्या टोकावर पूर्ण भार पडला तर काही गाड्या पुढे झुकतात; म्हणून चढ-उतार चालू असताना एकाने मागच्या सीटवर बसून भार द्यायचा, दुसऱ्याने प्रवाशाजवळ उभं राहायचं.

प्रवाशाला दंडाला धरून ओढायचं नाही. पक्षाघात झालेल्या बाजूचा खांदा ओढल्याने निखळू शकतो. त्याला गाडीकडे पाठ करून मागे सरकू द्या, दोन्ही पायांच्या मागच्या बाजूला आसन लागलं की दोन्ही हात हातकठड्यांवर, मग पुढे वाकून हळू बसणं. उठताना पावलं मागे घेऊन, नाक पावलांच्या पुढे येईल इतकं वाकून उठायचं. पायरी असेल तर चढताना जोरदार पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी. खुब्याच्या सांध्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर खोल, बुटकं आसन त्रासाचं. अशा व्यक्तीला डॉक्टरांनी खुबा किती वाकवायला सांगितलाय ते विचारा आणि टणक उशी देऊन आसन उंच करा. कमरेचा पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर. शाल, मफलर, ओढणी यांची टोकं पट्ट्याखाली दाबा, कारण पुढच्या चाकांच्या तारा हाताच्या अंतरावरच असतात. कोपर बाहेर लोंबत नाहीत ना, तेही तेव्हाच बघा.

प्रवासी हालचाल करत नाही, त्याला समोरून वारा लागतो. चालक मेहनत करतो, त्याला उकडतं. त्यामुळे चालकाला हवा छान वाटते तेव्हा पुढचा माणूस गारठलेला असू शकतो. पहिल्या दहा मिनिटांत एकदा थांबून समोर या, चेहरा बघा, हात हातात घेऊन गार आहे का पाहा. बोलणंही समोर येऊनच. मागून बोललं तर ओठ दिसत नाहीत, श्रवणयंत्रात वारा घोंगावतो आणि प्रवासी मान वळवायला जातो, जी वळत नसते. निघण्याआधी एक खूण ठरवा: हात वर म्हणजे थांबा. पक्षाघातानंतर ज्यांची वाचा गेली आहे त्यांच्याशी ती कोणत्या हाताने करायची हेही ठरवा.

पहिली फेरी २० ते ३० मिनिटांचीच ठेवा आणि निघण्याआधी स्वच्छतागृहाला जाऊन येण्याची आठवण करा.

प्रत्येक व्यक्तीबद्दल काळजीवाहकाकडून पाच गोष्टी लिहून घ्या: उभं राहता येतं का, औषधांच्या वेळा, ऐकणं-बोलणं, कशाची भीती, आणि संपर्कासाठी कोण. निदानाचं नाव कळण्यापेक्षा त्याचा बसण्या-उठण्यावर काय परिणाम होतो हे कळणं महत्त्वाचं, तरीही काही आजारांत नावही लागतं.

पार्किन्सन असलेल्या व्यक्तीची फेरी औषधाचा असर चांगला असतानाच्या वेळेत ठेवा. चढताना पाय जागीच खिळले तर ओढू नका. जमिनीवर खडूची रेघ मारून ‘ही ओलांडा’ म्हणा, किंवा एक-दोन-तीन मोजा. बरेचदा पाऊल सुटतं. स्मृतिभ्रंश असलेल्यांना संध्याकाळकडे अस्वस्थता वाढू शकते, म्हणून सकाळ बरी; तीच वाट, तोच चालक, शेजारी ओळखीची व्यक्ती. ‘आठवतंय का?’ हा प्रश्न टाळा, दिसतंय त्याबद्दल बोला. अशी व्यक्ती चालत्या गाडीत उठू पाहू शकते, म्हणून शेजारच्याला पट्ट्याच्या कुलुपावर नजर ठेवायला सांगा. हाडं ठिसूळ झालेल्यांना जोराच्या आदळण्याने मणक्याचं हाड दबू शकतं. फरशीबंद रस्ते वगळा, स्पीडब्रेकर समोरासमोर आणि जवळजवळ थांबून पार करा. रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असतील तर डोक्याला लागलेला किरकोळ मारही डॉक्टरांना दाखवायचा, माणूस ‘काही नाही झालं’ म्हणाला तरी.

मणक्याच्या दुखापतीबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण इथे स्वयंसेवकाचं अज्ञान महागात पडतं. संवेदना नसलेल्या भागावर दाब पडलेला कळत नाही, म्हणून त्यांची स्वतःची चाकखुर्चीतली गादीच आसनावर ठेवा आणि दर १५ ते ३० मिनिटांनी थांबून वजन हलवायला वेळ द्या. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली हवी आणि नळी पट्ट्याखाली दबता कामा नये. दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याजवळ किंवा त्याच्या वर असेल तर दबलेल्या नळीसारख्या क्षुल्लक कारणानेही रक्तदाब एकदम चढू शकतो. खुणा अशा: अचानक ठणकणारं डोकं, चेहरा लाल, वरच्या भागाला घाम. लगेच थांबा, व्यक्तीला ताठ बसलेलंच ठेवा, पट्टा आणि घट्ट कपडे सैल करा, नळी मोकळी करा. आडवं झोपवू नका. त्रास थांबला नाही तर ही वैद्यकीय आणीबाणी आहे. याच व्यक्तींना दुखापतीखालच्या भागात घाम येत नाही, त्यामुळे उन्हात शरीर लवकर तापतं. पाण्याचा फवारा आणि सावलीतली वाट ठेवा. मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्यांनाही उष्णतेने तात्पुरती अशक्तता येते.

ज्यांना चाकखुर्चीतून आसनावर हलता येत नाही त्यांना उचलून बसवण्याचा मोह टाळा. उचलणाऱ्याची पाठ आणि उचललेल्याची त्वचा, दोन्ही दुखावतात. त्यांच्यासाठी खुर्ची वर चढवायला उतरती फळी (रॅम्प) असलेली, खुर्चीसकट नेणारी सायकल वेगळी मिळते. तिच्यात खुर्ची चार ठिकाणी बांधायची, आणि बांधायची ती चौकटीला. चाकं, हातकठडे किंवा निघणाऱ्या पायफळ्यांना नाही. खुर्चीचा स्वतःचा ब्रेक म्हणजे बांधणं नव्हे, आणि खुर्चीतला बसणं सावरणारा पट्टा म्हणजे सुरक्षापट्टा नव्हे. विजेच्या खुर्च्या बऱ्याचदा १०० किलोपेक्षा जड असतात. गाडीची मर्यादा आधी वाचा.

दृष्टिहीन व्यक्तीला पुढे बसून फिरण्यापेक्षा टँडेमवर (एकामागे एक बसून दोघांनी चालवायची दुचाकी सायकल) स्वतः पॅडल मारणं बहुधा जास्त आवडतं, आणि तिथे ती प्रवासी नसते, जोडीदार असते. पुढचा चालक दोन्ही पाय रोवून, दोन्ही ब्रेक दाबून उभा राहतो. मग मागचा बसतो, पॅडल आपल्या सोयीच्या जागी फिरवून घेतो, आणि मोजून निघायचं. पुढच्याने सतत बोलायचं: ‘गिअर’, ‘खड्डा’, ‘डावीकडे’, ‘पॅडल सोड’, ‘थांबतोय’. न सांगता पॅडल थांबवलं तर मागच्याच्या गुडघ्याला हिसका बसतो. दोन्ही पॅडल जोडणारी चेन मधोमध एक-दीड सेंटिमीटर हलली पाहिजे. त्याहून सैल असली तर उडते. चालकाने आधी डोळस जोडीदाराबरोबर सराव करून मगच ही जबाबदारी घ्यावी.

वाट ठरवताना गाडीची रुंदी टेपने मोजा, बहुतेक १.१ मीटरच्या पुढेमागे भरेल, आणि वाटेतले सगळे खांब, फाटकं मोजून या. एका टोकाला जाऊन परत येण्यापेक्षा मधून कापता येणारं वर्तुळ बरं, म्हणजे कोणी थकलं तर लवकर परतता येतं. वारा असेल त्या दिवशी जाताना समोरून आणि येताना पाठीवर घ्या. बाजूला उतरता रस्ता असेल तर गाडी सारखी खाली ओढते. अशा वाटेवर मधोमध चाला किंवा ती सोडा.

देखभाल रोजची दोन मिनिटांची: दोन्ही पुढच्या टायरांत सारखी हवा, टायरवर लिहिल्याप्रमाणे (कमी-जास्त असली की गाडी एका बाजूला जाते), ब्रेक, पार्किंग ब्रेक, पट्ट्याची कुलपं, बॅटरीचं कुलूप. महिन्याला मात्र चाकांच्या तारांकडे (स्पोक) नीट बघा. दुचाकीची चाकं कलतात म्हणून त्यांच्यावर आडवा भार क्वचित येतो. तीनचाकीची चाकं प्रत्येक वळणावर तो सोसतात. नव्या गाडीच्या तारा पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये सैल होतात, आणि एक तुटली की शेजारच्या मागोमाग तुटतात. बोटांनी जोड्या दाबून सगळ्यांचा ताण सारखा आहे का बघा. पुढचं चाक बहुधा एकाच बाजूला टेकलेलं असतं, त्यामुळे पंक्चर तिथल्या तिथे निघतं. मागे मोटर असेल तर ते काम रस्त्यात होत नाही. तेव्हा माणसांना घरी कसं न्यायचं ते आधीच ठरलेलं हवं.

एक गोष्ट गटात बोलून ठेवा: फेरीला हो किंवा नाही म्हणण्याचा हक्क प्रवाशाचा आहे. मुलाने नाव नोंदवलं, काळजीवाहकाने तयार केलं, तरी ‘आज यायचं का?’ हे त्या व्यक्तीलाच, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन विचारा, आणि नकार आला तर समजावत बसू नका. कुठे जायचं हेही तिलाच. फोटोंची परवानगी वेगळी आणि प्रत्येक वेळी. एकट्या, परावलंबी माणसाबरोबर वेळ घालवणाऱ्या स्वयंसेवकाची पार्श्वभूमी तपासणं हा अविश्वास नाही. तपासणी आणि प्रवाशांना लागू होणारा विमा, या दोन्हींशिवाय पहिली फेरी काढू नका.

आठवड्याला पाच फेऱ्या नियमित करायच्या तर आठ-दहा चालक लागतात, कारण आजारपण, पाऊस, परीक्षा, पाहुणे हे चालूच राहणार. चालकांपेक्षा जास्त अडतं ते माणसांना खोलीपासून दारापर्यंत आणण्यावर. ठरलेल्या वेळी दोन प्रवासी कपडे घालून, औषध घेऊन दाराशी असणं हे निवासातल्या कर्मचाऱ्यांचं काम वाढवतं. त्यांना पहिल्याच आठवड्यात गाडीत बसवून फिरवून आणा आणि फेऱ्यांच्या वेळा त्यांच्या सोयीने ठरवा.

परत आल्यावर गाडी थांबवून लगेच उठवू नका. अर्धा तास बसून उठताना रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. पट्टा सोडा, पावलं दोन-चार वेळा वरखाली हलवायला सांगा, आसनाच्या कडेला मिनिटभर बसू द्या, मग उभं करा. जिच्याकडे सोपवायचं ती व्यक्ती समोर येईपर्यंत जागा सोडू नका. मग वहीत दोन ओळी लिहा: किती अंतर झालं, कुठे गारठा वाटला, कोणतं झाड पुन्हा बघायचं आहे असं प्रवासी म्हणाले. पुढच्या वेळी दुसरा चालक असला तरी त्याला ते वाचून गाडी कुठे वळवायची ते कळेल.